'फिक्स ऑल' दाबल्यावर बिघडलेला लॅपटॉप फॉरमॅट न मारता कसा सावरायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसमधला विंडोज ११ चा लॅपटॉप हळू चालत होता, म्हणून फुकट मिळणारी एक क्लीनअप युटिलिटी टाकली. तिने हजाराच्या वर 'एरर' दाखवले, 'फिक्स ऑल' दाबलं, रीस्टार्ट केलं. तेव्हापासून प्रिंटर दिसत नाही. जुनं ऑफिस २०१० काढून नवं टाकायला गेलं तर १६१२ नंबरचा एरर येतो. जीएसटी पोर्टल डिजिटल सिग्नेचर उचलत नाही. मराठीतली जुनी पत्रं अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतात. डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं आहे आणि ब्राउझरमधले सगळे लॉगिन गेलेत. शेजारच्या दुकानदाराने 'फॉरमॅट मारून देतो' म्हटलंय. मारायचा का?

नाही. निदान इतक्यात तर नाहीच. तुम्ही सांगितलेल्या सहा तक्रारींपैकी पाच फॉरमॅटशिवाय सुटण्यासारख्या आहेत, आणि उरलेली एक, म्हणजे डाउनलोड्समधल्या फाइल, फॉरमॅटने कायमची हातची जाईल. पण क्रम महत्त्वाचा आहे. लोक घाईत चुकीच्या क्रमाने उपाय करतात आणि जे परत मिळण्यासारखं होतं तेही घालवून बसतात.

सगळ्यात आधी, ती युटिलिटी अनइन्स्टॉल करू नका. राग येतो हे मला समजतं, आणि बहुतेक जण पहिलं काम तेच करतात. पण तिने काय काय उडवलं याची यादी आणि रजिस्ट्रीचा (विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंगच्या नोंदी ठेवतात त्या साठ्याचा) बॅकअप बहुधा तिच्याच फोल्डरमध्ये असतो. ती काढली की बऱ्याचदा बॅकअपही जातो. तिला पुन्हा स्कॅन करू देऊ नका, स्टार्टअपमध्ये असेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करा, पण सध्या राहू द्या.

दुसरं, त्या लॅपटॉपवर नवीन काही डाउनलोड करणं, अपडेट चालवणं, मोठ्या फाइल कॉपी करणं थांबवा. डिलीट झालेली फाइल लगेच पुसली जात नाही. वहीतली नोंद खोडलेली असते, माल गोदामातच पडून असतो, आणि नवा माल आला की त्या जागेवर ठेवला जातो. हे साध्या हार्ड डिस्कला लागू आहे. एसएसडीचं, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या ड्राइव्हचं, वेगळं आहे. विंडोज डिलीट झालेल्या जागेची खबर 'ट्रिम' या सूचनेने एसएसडीला देते आणि मग ड्राइव्ह ती जागा आतून स्वतः रिकामी करून टाकते. त्यामुळे एसएसडीवर रिकव्हरी सॉफ्टवेअरला यश येण्याची आशा फार धरू नका. युटिलिटीत 'वाइप फ्री स्पेस' नावाचा पर्याय टिक केलेला असेल तर हार्ड डिस्कवरही काही उरलेलं नसतं.

म्हणून डाउनलोड्सचं आधी बघू, कारण बाकी सगळी दुरुस्ती डिस्कवर काही ना काही लिहिते. रीसायकल बिन बघा. वनड्राइव्ह चालू असेल तर ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून तिथला रीसायकल बिन बघा. वैयक्तिक खात्यात तो ३० दिवस फाइल ठेवतो, आणि युटिलिटी तिथपर्यंत पोचलेली नसते. मग कागदावर यादी करा की नेमकं काय होतं. आपल्याकडे छोट्या ऑफिसांत डाउनलोड्सचं फोल्डर म्हणजे अख्खं दप्तरच असतं. सातबारा, चलनं, बँकेची स्टेटमेंट्स, जीएसटी रिटर्नच्या पीडीएफ सगळं तिथेच साचतं. यातलं बरंचसं त्या त्या पोर्टलवरून पुन्हा उतरवता येतं, बाकीचं जीमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर कोणाला तरी पाठवलेलं असतं. जे कुठेच नाही आणि खरंच मोलाचं आहे, त्यासाठीच रिकव्हरीच्या मागे लागा. त्यासाठी ड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकाला जोडावा, किंवा रेकुव्हा, फोटोरेक यांसारखं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवावं आणि सापडलेल्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, त्याच ड्राइव्हवर कधीच नाही.

याच जातीची एक हानी तुमच्या यादीत नाही, पण तपासून बघा. आउटलुकमध्ये मेलला जोडून आलेली एक्सेल फाइल थेट उघडून, त्यात बदल करून, नुसतं 'सेव्ह' दाबलं की ती फाइल 'कंटेंट डॉट आउटलुक' नावाच्या एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहते. माणसाला वाटतं काम सेव्ह झालं. साफसफाईचं सॉफ्टवेअर ते फोल्डर कचरा समजून रिकामं करतं. ऑफिसमध्ये कोणी अशा पद्धतीने काम करत असेल तर त्यांना आजच विचारा. मेलमधली मूळ फाइल शाबूत असते, बदल मात्र गेलेले असतात.

ब्राउझरचं फार मनावर घेऊ नका. लॉगिन गेले म्हणजे कुकीज गेल्या. सेव्ह केलेले पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि युटिलिटीत त्याची खूण वेगळी असते, बहुतेक वेळा ती आपोआप लावलेली नसते. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये बघा. तिथे रिकामं असेल आणि क्रोममध्ये गुगल खातं जोडून सिंक चालू होतं, तर फोनवरच्या क्रोममध्ये ते मिळू शकतात.

आता रजिस्ट्री. तुमच्या बाकीच्या तक्रारींचं मूळ बहुधा इथे आहे.

युटिलिटी उघडून 'रिस्टोअर', 'अनडू', 'बॅकअप', 'रेस्क्यू सेंटर' असं काही नाव शोधा. ते सापडलं तर तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये, युटिलिटीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणि प्रोग्रॅम डेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये डॉट रेग असं शेपूट असलेल्या फाइल शोधा. तारखेनुसार लावल्या की 'फिक्स ऑल' दाबलेल्या दिवसाची फाइल लगेच कळते.

तिच्यावर लगेच डबल क्लिक करू नका. उजवं क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत विंडोज रजिस्ट्री एडिटर आणि ५.०० हा व्हर्जन क्रमांक दिसेल. त्याखाली चौकटी कंसात लांबलचक पत्ते, आणि प्रत्येक पत्त्याखाली अवतरण चिन्हांतली नावं आणि मूल्यं. कंसाच्या आत अगदी सुरुवातीला उणे चिन्ह असेल तर थांबा. ती फाइल काही परत आणणारी नाही, ती आणखी खोडणारी आहे. उणे चिन्ह नसेल तर कंट्रोल आणि एफ दाबून 'फॉन्ट्स', 'प्रिंट', 'इन्स्टॉलर', 'क्रिप्टोग्राफी' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. यातलं जे सापडेल ते तुमच्या तक्रारीचं कारण. मला रोगनिदानासाठी यापेक्षा सरळ कागद दुसरा माहीत नाही.

मग त्या फाइलवर डबल क्लिक करून ती मर्ज करा आणि मशीन रीस्टार्ट करा. मर्ज अर्धवट झालं असा संदेश आला तर घाबरू नका. काही नोंदी त्या वेळी विंडोजच्या वापरात असतात, त्या बदलता येत नाहीत. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. डॉट रेग फाइल नोंदी परत आणते, पण त्या नोंदींवर कोणाला कोणती परवानगी होती हे तिच्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे नोंद परत येऊनही एखादी सेवा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणत अडून बसू शकते. तिथे पुढचा उपाय लागतो.

तो म्हणजे सिस्टिम रिस्टोअर. रन विंडोमध्ये (विंडोज की आणि आर दाबून उघडते ती) आरएसटीआरयूआय ही अक्षरं इंग्रजीत टाइप केली की ते उघडतं. घटनेच्या आधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट (विंडोजने जपून ठेवलेली तेव्हाची स्थिती) दिसला तर तो निवडा आणि 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' दाबून बघा की मधल्या काळात टाकलेलं काय काय जाणार आहे. हे रजिस्ट्री परवानग्यांसह मागे नेतं, ड्रायव्हर आणि सिस्टिमच्या फाइलही मागे नेतं, आणि तुमच्या एक्सेल, वर्ड, फोटोंना हात लावत नाही. म्हणजे डाउनलोड्समधल्या पीडीएफ याने परत येणार नाहीत, पण टॅलीचा कालचा डेटा एका वेगळ्या बॅकअपमध्ये घेऊनच हे करा. आर्थिक डेटा असलेल्या मशीनवर मी कोणतीही दुरुस्ती त्याशिवाय करत नाही. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचं आकड्यांच्या नावाचं फोल्डर असतं, ते अख्खं उचलून पेन ड्राइव्हवर घ्या. ते घेताना हेही बघा की युटिलिटीच्या 'डुप्लिकेट फाइंडर'ने तिथे काही उचकापाचक केलेली नाही ना. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोल्डरांत सारख्याच नावाच्या फाइल असतात आणि नुसतं नाव बघून जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या प्रती वाटू शकतात.

अनेक मशीनवर सिस्टिम रिस्टोअर बंदच असतं, आणि काही युटिलिटी जागा वाचवण्याच्या नावाखाली जुने रिस्टोअर पॉइंट आधी उडवतात. तुमच्याकडे पॉइंट दिसलाच नाही तर इंटरनेटवर एक जुना सल्ला हमखास सापडेल: सिस्टिम ३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात 'रेगबॅक' नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या रजिस्ट्रीच्या फाइल मूळ जागी कॉपी करा. हा सल्ला एकेकाळी उत्तम होता, मीही वर्षानुवर्षं तो वापरला. पण २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज तिथे आपोआप बॅकअप ठेवत नाही. फाइल दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. त्या शून्य आकाराच्या फाइल मूळ रजिस्ट्रीवर कॉपी केल्या तर आता निदान चालू होणारा लॅपटॉप चालूही होणार नाही. कोणी हा उपाय करतो म्हणालं तर आधी आकार दाखवायला सांगा.

रिस्टोअर विंडोजमधून अडत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि तिथून सिस्टिम रिस्टोअर चालवा. त्याआधी बिटलॉकरची (ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवी. नव्या लॅपटॉपमध्ये मालकाला पत्ता नसताना ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला असतो आणि ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसलेली असते. ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात लॉगिन करून ती फोनवर बघता येते. दुकानातल्या पोऱ्याने स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिला असेल तर त्याला आजच फोन करा.

यानंतर विंडोजच्या स्वतःच्या फाइल. दोन आज्ञा आहेत, आणि बहुतेक जण त्या उलट्या क्रमाने देतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीत करा. पहिली: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. ती पूर्ण झाल्यावर दुसरी: एसएफसी /स्कॅननाऊ. एसएफसी खराब फाइलच्या जागी चांगली प्रत ठेवतं, पण ती प्रत आणतं विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरातल्या साठ्यातून. तो साठाच युटिलिटीने कुरतडला असेल तर एसएफसी काय देणार? डीआयएसएम तो साठा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून भरून काढतं, म्हणून आधी ते. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ अडल्यासारखी दिसते, खिडकी बंद करू नका.

विनएसएक्सएसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हे फोल्डर एक्सप्लोररमध्ये प्रचंड दिसतं आणि 'एवढी जागा खातंय' म्हणून लोक ते हाताने डिलीट करायला जातात. त्यातल्या पुष्कळ फाइल म्हणजे सिस्टिम ३२ मधल्याच फाइलची दुसरी नोंद असते. डिस्कवर फाइल एक, नावं दोन. एक्सप्लोरर दोन्ही मोजतो. तिथे हात घालायचाच असेल तर डीआयएसएमचाच 'स्टार्टकंपोनंटक्लीनअप' हा पर्याय वापरायचा, दुसरं काही नाही.

या दोन आज्ञांनी सगळं ठीक होईल असंही धरून चालू नका. त्या फक्त विंडोजच्या फाइल बघतात. तुमचं ऑफिस, टोकनचा ड्रायव्हर, फॉन्ट, यांच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. ती कामं एकेक करून करावी लागतात.

प्रिंटर सगळ्यात सोपा. रन विंडोतून सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडा, 'प्रिंट स्पूलर' ही छपाईची कामं सांभाळणारी सेवा शोधा. युटिलिटीने 'अनावश्यक सेवा' म्हणून तो 'डिसेबल्ड' केलेला असण्याची दाट शक्यता आहे. 'ऑटोमॅटिक' करा, सुरू करा. तिथेच असताना 'विंडोज ऑडिओ' ऑटोमॅटिक आहे ना, 'विंडोज इन्स्टॉलर' मॅन्युअल आहे ना हेही बघून घ्या. स्पूलर चालू असूनही प्रिंटर नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर नव्याने टाका.

ऑफिसचा १६१२ एरर समजून घेण्यासारखा आहे, कारण याचं नुकसान महिनोन् महिने दिसत नाही. विंडोज फोल्डरात 'इन्स्टॉलर' नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं. एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची सेटअप फाइल) पद्धतीने टाकलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटअपची एक प्रत विंडोज तिथे ठेवतं, आणि तिला आकडे-अक्षरांचं निरर्थक नाव देतं. साफसफाईच्या सॉफ्टवेअरला दिसतं काय, तर मोठ्या, जुन्या, नावावरून काही न कळणाऱ्या फाइल. त्या उडवल्या की 'अमुक जीबी मोकळे केले' असं अभिमानाने सांगता येतं. प्रोग्रॅम चालत राहतो, कारण त्याच्या चालण्याच्या फाइल दुसरीकडे आहेत. पण तो दुरुस्त करायचा, अपडेट करायचा किंवा काढायचा म्हटलं की विंडोज ती प्रत मागतं आणि ती नसते. १६१२ चा अर्थ इतकाच, की सेटअपचं मूळ सापडत नाही.

दुसऱ्या लॅपटॉपवरून ते फोल्डर कॉपी करून आणायचा मोह होईल. उपयोग नाही, कारण प्रत्येक मशीनवर नावं वेगळी पडतात. ती फाइल कोणत्या प्रोग्रॅमची हे बघायचं असेल तर त्या फोल्डरात 'डिटेल्स' व्ह्यू लावून 'सब्जेक्ट' हा रकाना चालू करा. प्रत्येक फाइलसमोर प्रोग्रॅमचं नाव येतं, आणि कोणाची प्रत उरलीय, कोणाची गेलीय ते स्वच्छ दिसतं. ऑफिस २०१० ची मूळ सीडी किंवा त्याच आवृत्तीचा सेटअप असेल तर विंडोज विचारेल तेव्हा त्याचा पत्ता दाखवा, काम होईल. सीडी नसेल आणि तसंही तुम्हाला ते काढायचंच असेल, तर मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' घ्या. तो मूळ सेटअपशिवाय अडकलेली नोंद काढून देतो. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालणारं बिलिंग किंवा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर असलेल्यांना हाच त्रास अपडेटच्या वेळी होतो. तिथे ट्रबलशूटर चालवू नका, डेटाबेस पणाला लागतो. हरवलेल्या प्रती शोधून देणारी मायक्रोसॉफ्टची वेगळी स्क्रिप्ट आहे, ती जाणकाराकडून चालवून घ्या.

डिजिटल सिग्नेचरबद्दल आधी दिलासा. तुमची सही लॅपटॉपमध्ये नाही, यूएसबी टोकनमध्ये आहे. खासगी की टोकनच्या बाहेर येतच नाही, त्यामुळे कोणतीही युटिलिटी ती पुसू शकलेली नाही. गेलंय ते टोकनचा ड्रायव्हर किंवा विंडोजमधली त्याची नोंद, नाहीतर एमसाइनरची, म्हणजे पोर्टल आणि टोकन यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची, सेवा. टोकन काढा, त्याचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून नवा टाका, रीस्टार्ट करून टोकन लावा. मग रन विंडोतून सर्टएमजीआर डॉट एमएससी उघडून 'पर्सनल' खाली तुमच्या नावाचं सर्टिफिकेट येतंय का बघा. आलं की एमसाइनर नव्याने टाका आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. हे करताना टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज टोकन' असं बटण दिसेल. ते दाबायचं नाही. त्याने टोकन कोरं होतं, सही जाते आणि नवी विकत घ्यावी लागते. पिन आठवत नसेल तर अंदाजाने मारत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

आता मराठी पत्रं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे लोक नसलेलं नुकसान स्वतःच्या हाताने करून घेतात. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे जुने फॉन्ट यांत टाइप केलेल्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि त्या जागी देवनागरी आकार काढण्याचं काम तो फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की वर्ड त्या जागी एरियल किंवा टाइम्स लावतो आणि आतली कच्ची अक्षरं उघडी पडतात. म्हणजे तुमचं पत्र बिघडलेलं नाही, जसंच्या तसं आहे. त्याला 'सिलेक्ट ऑल' करून मंगल किंवा दुसरा फॉन्ट लावून सेव्ह केलं, तर मात्र कोणत्या ओळीला कोणता फॉन्ट होता ही माहिती पुसली जाते. इंग्रजी-मराठी मिसळलेल्या मजकुरात मग ती गाठ सोडवता सोडवता जीव जातो. म्हणून त्या फाइल सध्या उघडू नका, उघडल्या तर सेव्ह न करता बंद करा.

रजिस्ट्री क्लीनरने बहुधा फॉन्टची नोंद काढलेली असते, फाइल जागेवर असते. एक्सप्लोररमध्ये फॉन्ट दिसला नाही म्हणून गेला असं समजू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरवर डीआयआर आज्ञा देऊन यादी बघा. फाइल असेल तर ती दुसऱ्या फोल्डरात कॉपी करून, तिच्यावर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' करा. नसेल तर दुसऱ्या संगणकावरून त्याच नावाचा फॉन्ट आणा. नाव तंतोतंत तेच हवं, वर्ड नावावरूनच ओळखतो. श्रीलिपीचं मात्र नुसते फॉन्ट आणून भागत नाही, कीबोर्डसाठी आणि असेल तर डोंगलच्या ड्रायव्हरसाठी त्याचा मूळ सेटअपच पुन्हा चालवा. युनिकोडमधली (खरी देवनागरी अक्षरं साठवलेली) पत्रं वाचता येतात पण रूप बदललेलं दिसतंय असं असेल तर तो मंगलचा प्रश्न आहे. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्ट 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या ऐच्छिक भागात गेलेत. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मधून ते फुकट परत येतात.

एखादा प्रोग्रॅम 'अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी साहाय्यक फाइल) सापडत नाही' म्हणत असेल, विशेषतः व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४०, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही. सुटी डीएलएल देणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकू नका. एका आजारावर दुसरा घेऊन याल. 

इतकं करूनही चार गोष्टी अडल्याच, तर शेवटचा उपाय फॉरमॅट नव्हे, दुरुस्ती-इन्स्टॉल. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'रिकव्हरी' इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' असा पर्याय असेल तर तो वापरा. विंडोज नव्याने बसतं, तुमचे प्रोग्रॅम आणि फाइल राहतात. तो नसेल तर विंडोज ११ ची आयएसओ (अख्खा सेटअप असलेली एक फाइल) उतरवून, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडा. हा पर्याय पुसट दिसला तर बहुधा भाषा जुळत नाहीये. आयएसओ घेताना 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' असे दोन प्रकार असतात आणि लोक डोळे झाकून पहिला घेतात. डीआयएसएम /ऑनलाइन /गेट-इंटल या आज्ञेने मूळ भाषा कळते. ईएन-जीबी आली तर इंटरनॅशनल.

याच पानावर 'रीसेट धिस पीसी' आहे आणि त्यात 'कीप माय फाइल्स' लिहिलेलं बघून लोक निश्चिंत होतात. फाइल राहतात, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. टॅली, ऑफिस, श्रीलिपी, टोकनचा ड्रायव्हर, सगळं. परवान्याच्या चाव्या हातात नसतील तर ते फॉरमॅटइतकंच महागात पडतं.

राहता राहिले ते हजार 'एरर'. त्यातले जवळजवळ सगळे म्हणजे काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या उरलेल्या नोंदी, आता नसलेल्या फाइलचे पत्ते, उघडलेल्या फाइलची यादी. असली एकेक नोंद काही अक्षरांची असते. हजार काढल्या तरी काहीशे केबी वाचतात, आणि विंडोज रजिस्ट्री वरपासून खालपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट काढतं. वेग त्याने वाढत नाही. मायक्रोसॉफ्ट रजिस्ट्री क्लीनरला पाठिंबा देत नाही, आणि असं सांगण्याआधी त्यांनी स्वतःही हात पोळून घेतलेत. त्यांचंच विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी हे साधन इतर प्रोग्रॅमचे भाग बिघडवत असल्याने २०१० मध्ये त्यांनी मागे घेतलं. १ मार्च २०१८ पासून, भीती दाखवून पैसे उकळणाऱ्या क्लीनरना विंडोज डिफेंडर नको असलेलं सॉफ्टवेअर म्हणून काढू लागलं. अमेरिकेत तर ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांना २०१९ मध्ये मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले, कारण दुकानातली 'पीसी हेल्थ चेक' तपासणी संगणकात नसलेला संसर्ग दाखवत होती. नावाजलेलं सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या अधिकृत ३२ बिट आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोचली होती.

तुमची युटिलिटी जाहिरातीवर क्लिक करून आलेली असेल, तर सगळं परत मिळाल्यावर ती काढा, मग टास्क शेड्युलर, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि प्रॉक्सी सेटिंग यांत तिने काही मागे ठेवलंय का बघा, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

लॅपटॉप मुळात हळू का होता, हा प्रश्न अजून उरलाच आहे. टास्क मॅनेजर उघडून चालू झाल्यावर दहा मिनिटांनी बघा. डिस्क शंभर टक्के आणि ड्राइव्ह साधी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी घाला. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर विंडोजच्या स्वतःच्या 'स्टोरेज' पानावरून तात्पुरत्या फाइल काढा, फक्त यादीत 'डाउनलोड्स' असेल तर त्याची खूण काढून, आणि 'स्टोरेज सेन्स'मध्ये डाउनलोड्ससमोर 'नेव्हर' निवडून.

डॉट रेग फाइल सापडली का, आणि डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, एवढं आधी कळवा. फाइल मोठी असेल तर सगळी नको, कंसातल्या पत्त्यांच्या ओळी पुरेत. त्यावरून कोणती दुरुस्ती आधी घ्यायची ते नेमकं सांगता येईल.